बेळगाव (सांबरा) ते मुंबई आणि इतर विमानतळ : अंतर व उड्डाणवेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांबऱ्याहून विमानाने जायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की एक उत्तर तिकिटावर असतं, दुसरं मोबाइलवर आणि तिसरं प्रत्यक्ष प्रवास केल्यावर कळतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागांतली कितीतरी मुलं मुंबई-पुण्यात, बंगळुरात नोकरीला आहेत आणि त्यांचे आईबाप इकडे आहेत. त्यांना ही तिन्ही उत्तरं नीट माहीत असावीत, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

बेळगाव ते मुंबई हवाई अंतर किती?

सांबरा विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे ४०४ किलोमीटर. वैमानिकांच्या हिशेबात ते साधारण २१८ नॉटिकल मैल होतं. रस्त्याने कोल्हापूर-सातारा-पुणे करत गेलं तर पाचशे किलोमीटरच्या घरात जातं.

हे अंतर काढतात कसं? घरी बसून काढता येईल का?

येतं, आणि शाळेतल्या मुलांकडून जरूर काढून घ्या. लागतं ते फक्त दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पायथागोरसचं प्रमेय.

सांबरा विमानतळ १५.८६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.६२ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. अक्षांशांतला फरक ३.२३ अंश. अक्षांशाचा एक अंश कुठेही गेलात तरी जवळपास १११ किलोमीटरचाच, म्हणजे मुंबई आपल्या उत्तरेला सुमारे ३५९ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो. आपल्या भागात, साडेसतरा अंशांच्या आसपास, तो सुमारे १०६ किलोमीटरचा आहे. फरक १.७५ अंश, म्हणजे मुंबई आपल्या पश्चिमेला सुमारे १८६ किलोमीटर. आता ३५९ आणि १८६ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. उत्तर ४०४.

ही रीत देशातल्या देशात चांगली चालते. लंडन, न्यूयॉर्क किंवा सिडनीसाठी पृथ्वीचा गोलपणा धरावाच लागतो, तिथे गोलावरचं सूत्र वापरतात.

नॉटिकल मैलही याच हिशेबातून आलेला आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. नकाशावरचे अंश वाचून लगेच अंतर सांगता येतं, म्हणून जहाजं आणि विमानं आजही तेच माप धरून चालतात.

वेगवेगळ्या संकेतस्थळांवर वेगवेगळं अंतर का दिसतं?

कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी धावपट्टीपासून. सांबरा गाव शहराच्या पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर आहे, तेवढ्यानेही आकडा हलतो. कुणी मैलांत देतं, कुणी नॉटिकल मैलांत, आणि वाचणारा तो किलोमीटर समजतो. चार-पाच किलोमीटरच्या फरकाने प्रवासात काहीही बदलत नाही. पण २१८ आणि ४०४ असे आकडे दिसले तर एकक बघा.

४०४ किलोमीटर म्हणजे जेटला अर्धा तास. मग तिकिटावर तासाहून जास्त वेळ का लिहिलेला असतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा थांबून सांगतो.

ताशी आठशे किलोमीटर हा वेग विमान वर जाऊन स्थिर झाल्यानंतरचा आहे. सांबऱ्याहून उडाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं चढण्यात जातात आणि मुंबईच्या अलीकडे शंभर-दीडशे किलोमीटरपासूनच उतरायला सुरुवात होते. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. ४०४ किलोमीटरच्या या प्रवासात सपाट उडण्याचा टप्पा उरतोच किती? एवढ्या छोट्या पल्ल्यावर जेट विमान आपल्या नेहमीच्या उंचीपर्यंतही जात नाही, खालच्याच थरातून जातं.

शिवाय विमान मुंबईत सरळ रेषेत शिरत नाही. ठरलेल्या हवाई वाटेने यायचं, इतर विमानांच्या रांगेत लागायचं, धावपट्टीच्या दिशेला वळसा घ्यायचा. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असा हा कारभार. गर्दी झाली की हवेतच घिरट्या घालायला लावतात, आणि त्यात दहा-वीस मिनिटं सहज जातात.

आणि तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान सांबऱ्याला उभ्या जागेवरून हललं तिथून तो सुरू होतो आणि मुंबईत ठरल्या जागी येऊन थांबलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीची वाट बघणं, उतरल्यावर जागेपर्यंत येणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून हवेत पाऊण तास आणि तिकिटावर तास ते सव्वा तास, हे अगदी बरोबर आहे. कंपन्या मुंबईची गर्दी धरून थोडा वेळ जास्तच लिहितात. त्यामुळे कधीकधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोहोचतं.

ब्लॉक टाइम माहीत असून प्रवाशाला काय उपयोग?

मोठा उपयोग आहे. विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर तुम्हाला काय मिळणार, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत ब्लॉक टाइमवरच ठरतं.

अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होत असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं आहे. मुंबई, बंगळूर, हैदराबाद ही सगळी उड्डाणं यात येतात. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते निवडता येतं.

रद्द झालेल्या विमानाची वेळेत पूर्वसूचना दिली नसेल तर भरपाई आहे. एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० रुपये आणि दोन तासांपुढे १०,००० रुपये. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार. या दोन्हींत जे कमी असेल ते. हवामान किंवा कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत मागण्याचा हक्क राहतो. आपल्याकडची पुष्कळ माणसं काउंटरवर गप्प उभी राहतात आणि तशीच घरी येतात. विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पंख्याचं विमान आणि जेट, वेळेत किती फरक?

आपल्यासारख्या विमानतळांवर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान आणि एम्ब्राएरसारखी छोटी जेट विमानं जास्त दिसतात. एटीआर ताशी साधारण पाचशे किलोमीटरने जातं, जेट आठशेच्या आसपास. कागदावर फरक मोठा वाटतो, पण बंगळूर किंवा हैदराबादच्या अंतरावर तो बहुधा दहा ते वीस मिनिटांचाच राहतो, कारण जेटला पूर्ण वेगाने उडायला वेळच मिळत नाही. दिल्लीला जायचं असेल तर मात्र जेटच हवं.

पंख्याचं विमान जुनं किंवा कमी सुरक्षित असतं, हा समज मनातून काढून टाका. छोट्या पल्ल्यावर ते कमी इंधनात जातं, म्हणूनच कमी प्रवाशांच्या मार्गांवर कंपन्यांना ते परवडतं.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

वाऱ्यामुळे. हैदराबाद आपल्या पूर्वेला सुमारे ४३४ किलोमीटरवर आहे. पश्चिमेकडून ताशी पन्नास किलोमीटरचा वारा असेल, तर जाताना एटीआरचा जमिनीवरचा वेग साडेपाचशे होतो आणि येताना साडेचारशे. जाताना ४७ मिनिटं, येताना ५८. हीच गोष्ट जेटला अवघ्या चार मिनिटांच्या फरकाची. मुंबई आणि दिल्ली साधारण उत्तरेला असल्यामुळे पश्चिमेचा वारा बाजूने लागतो आणि फरक कमी राहतो.

पावसाळ्यात किती जास्त वेळ धरावा?

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर सकाळी ढग इतके खाली येतात की समोरचं शेत दिसत नाही, आणि बेळगावची झिरमिर चालूच असते. वैमानिकाला ठरावीक उंचीवरून धावपट्टी दिसली नाही तर तो उतरत नाही. पुन्हा वर जातो, थांबतो, किंवा विमान दुसऱ्या विमानतळावर वळवतो. हे सुरक्षेसाठीच आहे. त्या वेळी कर्मचाऱ्यांवर ओरडून काही होत नाही.

तिकडे मुंबईत धो धो पाऊस असेल तर दोन विमानांमधलं अंतर वाढवतात आणि रांग लांबते. जुलै-ऑगस्टमध्ये पुढे परीक्षा, मुलाखत किंवा परदेशाचं विमान असेल, तर आदल्या दिवशी पोहोचा.

इतर शहरांची हवाई अंतरं सांगा.

सगळी सांबऱ्यापासून, सरळ रेषेत, अंदाजे :

बंगळूर (देवनहळ्ळी) ४४५ किलोमीटर, हैदराबाद (शमशाबाद) ४३४, पुणे (लोहगाव) ३१२, नवी मुंबई ३८५, नागपूर ७४६, अहमदाबाद ८२९, जयपूर १,२२५, दिल्ली १,४३५. शेजारचे विमानतळ बघायचे तर हुबळी ७५, कोल्हापूर ९६, गोव्यातलं मोपा ८२ आणि दाबोळी सुमारे १००.

बंगळूर-हैदराबादला तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास, दिल्लीला अडीच तासांच्या आसपास वेळ दिसतो. थेट विमान कुठल्या शहराला आहे हे हंगामागणिक बदलतं. मार्चअखेर उन्हाळी आणि ऑक्टोबरअखेर हिवाळी वेळापत्रक लागतं, तेव्हा नव्याने तपासा.

मोपा ८२ किलोमीटरवर आहे, मग गोव्याहूनच विमान का धरू नये?

८२ हे पक्ष्याचं अंतर झालं. माणसाला घाट उतरावा लागतो. चोर्ल्याने जा नाहीतर आंबोलीने, वळणावळणाच्या रस्त्यावर अडीच-तीन तास धराच, आणि पावसाळ्यात दरड, धुकं, अडकलेले ट्रक हे वेगळंच. गोव्याहून बऱ्याच शहरांना, परदेशातही, थेट विमानं आहेत, आणि ती सोय मोठी आहे. पण मुंबईला जाण्यासाठी बेळगावातून मोप्याला जाणं म्हणजे तासाभराच्या उड्डाणासाठी तीन तास गाडीत बसणं. खानापूर किंवा जांबोटीच्या बाजूला राहणाऱ्यांना कधी सोयीचं पडू शकतं, बाकीच्यांना क्वचितच.

आम्ही निपाणीचे. कोल्हापूर बरं की बेळगाव?

कोल्हापूर. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि उजळाईवाडीचा विमानतळ त्याच्याही अलीकडे, महामार्गाजवळच. बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, आणि सांबरा शहराच्या पलीकडे, म्हणजे पूर्ण शहर ओलांडायचं. कोल्हापूरहून मुंबईचं हवाई अंतरही कमी, ३०९ किलोमीटर. मात्र सोयीच्या वेळेचं विमान कुठून आहे ते आधी बघा. चिक्कोडी-सदलग्याकडच्यांनाही हेच लागू. संकेश्वर मधोमध पडतं, तिथल्यांनी भाडं आणि वेळ बघून ठरवावं. हुक्केरी, गोकाक, बैलहोंगलकडच्यांना सांबराच जवळ, कित्तूरकडच्यांना हुबळीही चालेल.

खरोखर घरापासून घरापर्यंत किती वेळ लागतो? बस किंवा रेल्वे बरी नाही का?

टिळकवाडीतून दादरला जायचं आहे असं धरू. घर ते सांबरा, बसवण कुडची-निलजी-मुतगे मार्गे, अर्धा तास. बहुतेक कंपन्यांचा काउंटर साठ मिनिटं आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचायचं. विमानाचा सव्वा तास. उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास. मग मुंबईच्या रहदारीत पाऊण ते दीड तास. बेरीज साडेचार ते सव्वापाच तास. यातला हवेतला वेळ पाऊण तासच.

रात्रीची बस दहा-अकरा तास घेते, पण त्यातले सात-आठ तास झोपेत जातात, दिवस मोडत नाही आणि पहाटे थेट दादर-सायनला उतरता येतं. ज्याला झोप लागते, पाठीचं दुखणं नाही आणि पैसे जपायचे आहेत, त्याने बसनेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. एका दिवसात काम उरकून परत यायचं असेल, सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, किंवा कुणाचं काही बरंवाईट झाल्याचा निरोप आला असेल, तर विमानाला पर्याय नाही.

बंगळूरचा हिशेब वेगळा. तिथला विमानतळ शहराच्या उत्तरेला लांब आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत मुलाकडे जायचं असेल तर उतरल्यावर दोन तास धरा. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत सुरू आहे. साडेआठ तासांच्या आसपास घेते, पण शहराच्या मध्यात सोडते.

पुण्यासाठी तर आधी रेल्वेच बघा. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती बेळगाववरून जाते. रस्ताही साडेतीनशे किलोमीटरच्या आतला. एवढ्या अंतराला विमानतळावरचा वेळ धरला तर विमानाचा फायदा फारसा उरत नाही.

मुंबईहून परदेशाचं विमान आहे. मध्ये किती वेळ ठेवू?

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय कंपनी बघते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. तेव्हा पाच-सहा तास ठेवा, पावसाळ्यात एक रात्र.

टर्मिनल दोनदा तपासा. टर्मिनल १ सांताक्रूझकडे, टर्मिनल २ सहारला, आणि दोन्हींमध्ये रस्त्याची रहदारी. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम. दोन्हींमध्ये रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर. तिकीट शोधताना नुसतं ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही दिसतात आणि स्वस्त बघून भलतंच निवडलं जातं. आपल्या सांबऱ्याचा कोड आयएक्सजी.

अंतर कमी असूनही बेळगावचं तिकीट कधी दिल्लीपेक्षा महाग कसं?

भाडं किलोमीटरवर ठरत नाही, उरलेल्या जागांवर ठरतं. पन्नास किंवा पंचाहत्तर जागांच्या विमानात स्वस्त जागा लवकर संपतात. केंद्राच्या उडान योजनेत सुमारे पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणाला काही जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती आणि बेळगावचे अनेक मार्ग त्या योजनेत आले होते. पण प्रत्येक मार्गाला ही मदत ठरावीक वर्षांसाठीच असते. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यासाठी दीड-दोन महिने आधी बघा.

घरून किती आधी निघावं?

एरवी दोन-सव्वादोन तास. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असेल तेव्हा शहापूर, अनगोळ, वडगावकडच्यांनी आणखी तास धरावा. मधले रस्ते बंद असतात आणि मिरवणुका दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात.

हा विमानतळ सांबऱ्यालाच का?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांच्या हवाई दलाने इथे प्रशिक्षणासाठी तळ उभारला. पुढे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा तिथेच राहिली. धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढवून नवं टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं, म्हणून आज एअरबससारखं मोठं विमानही उतरू शकतं.

वडिलांना उपचारासाठी मुंबईला न्यायचं आहे. एवढं अंतर विमानाने झेपेल का?

पाऊण तासाचं उड्डाण बसच्या अकरा तासांपेक्षा पुष्कळ सुसह्य असतं. पण विमानात हवेचा दाब कमी असतो. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्ताचं प्रमाण फार कमी, यांपैकी काही असेल तर इलाज करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रवासाला हरकत नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि तिकीट काढायच्या आधी कंपनीला फोन करून त्यांचा वैद्यकीय फॉर्म मागवा. ऑक्सिजन किंवा स्ट्रेचरची सोय छोट्या विमानात असेलच असं नाही, तेही याच फोनवर विचारा.

व्हीलचेअरची मागणी अठ्ठेचाळीस तास आधी नोंदवा. छोट्या विमानाला शिड्या चढाव्या लागतात. वडिलांना त्या चढवणार नसतील तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे उचलून नेण्याची किंवा रॅम्पची व्यवस्था होईल. औषधं आणि रिपोर्टची फाइल हातातल्या पिशवीत ठेवा. परळच्या टाटा रुग्णालयात सकाळची वेळ मिळाली असेल तर त्याच दिवशीच्या विमानावर विसंबू नका. आदल्या दिवशी दुपारी पोहोचा, म्हणजे विमान दोन तास उशिरा आलं तरी त्यांना रात्रीची झोप मिळेल.